पहिली फेरी

बफेलो, ६ ऑक्टोबर १९९४

ब्रोनिया बाळा,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे टेबलावर पालथं टाकशील, एवढं मी तुला ओळखतो. पडू दे दोन दिवस. मग उघड. कुणी गेलेलं नाही. तुझी आई आत्ता खिडकीशी बसून, शेजारच्यांनी झाडाची पानं नीट गोळा केली नाहीत म्हणून त्यांचा उद्धार करते आहे. जीभ जरा जड झालीय, धार तीच.

मला एक शंका विचारायची आहे. तू तिकडे टॅकोमात लोकांना नाच शिकवतेस, असं तुझ्या हेझलने नाताळच्या कार्डावर लिहिलं होतं. ते कार्ड मी गाडीच्या खणात ठेवलंय. घरात ठेवायची सोय नाही, तुला ठाऊक आहे.

शंका अशी. बँड वॉल्ट्झ धरतो. मी तुझ्या आईचा हात हातात घेतो, पाठीवर तळवा ठेवतो, निघतो. सुरुवातीची पावलं लोण्यासारखी. मग कोपरा येतो आणि माझं डोकं पार कोरं होतं. आता गिरकी घ्यायची, की बाजूला सरकायचं, की मागे जायचं? गाणं चालू, पाय उचललेला, आणि आत कुणीच नाही. शाळेचा बॉयलर सांभाळायचो तेव्हा कधीमधी ज्योत फट्कन विझायची आणि नळीत गॅस नुसता सूं सूं करत राहायचा, अगदी तसं. जन्मभर नाचलो गं, असं कधी झालं नव्हतं.

डॉक्टरला दाखवलं. त्याने आजचा वार विचारला, आकडे उलटे म्हणायला लावले, डोक्याचे फोटो काढले. म्हणाला, "मिस्टर गापिन्स्की, तुमचं डोकं माझ्यापेक्षा ठणठणीत आहे." मी म्हटलं, मग तुम्हालाही वॉल्ट्झ येत नसणार.

हे सगळं जुलैपासून. जुलैत तुझ्या आईला, माझ्या लॉटीला, झटका आला, उजवं अंग गेलं. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ होती, ती आत्ता मोडली. आता काठी घेऊन चालते. उजव्या हातात पेलासुद्धा धरवत नाही. पण नाच सोडायला तयार नाही, कारण यंदा पाळी आमची. नोविकांचा म्हातारा वसंतात गेला, आता आपल्या पोलिश हॉलमधलं सगळ्यांत जुनं जोडपं आम्हीच. उपासाचे दिवस लागण्याआधीच्या मंगळवारी, ऑस्तात्कीच्या नाचाला, आम्ही दोघांनीच रिंगणात उतरायचं, एक फेरी पुरी करायची, आणि ती पुरी झाल्यावरच बाकीच्यांनी आत पाय टाकायचा. लग्न होऊन आली तेव्हापासून बाईसाहेब त्या फेरीवर डोळा ठेवून आहेत. परवा म्हणाली, "फ्लोरियन, त्यानंतर मेले तर चालेल. आधी नाही."

डॉक्टर म्हणतो दुसरा झटका यायचाच आहे, कधी ते देवाला माहीत. म्हणून तुला विचारतो. डोकं कोरं झालं की जोडीला पुढे नेणाऱ्याने काय करायचं?

हेझलला माझा नमस्कार सांग.

तुझा ताता


२ नोव्हेंबर

ब्रोनिया,

तुझा अर्धा कागद पोचला. वर नाव नाही, खाली सही नाही, मधे नुसत्या सूचना. गॅसच्या शेगडीबरोबर येतो तसला कागद. पण मी तो पाठ केलाय. ऐक, बरोबर आहे का:

कोरं झालं तर पाऊल टाकायचं नाही. थांबायचं. जागच्या जागी झुलायचं, भार या पायावरून त्या पायावर. गाण्याची ओळ संपून नवी ओळ लागेल तेव्हा पावलांचा साधा चौकोन घालायचा, दुसरं काही नाही. बाहेरच्या वाटेवर थांबायचं नाही, मागची जोडपी अडतात, मधे सरकायचं. आणि चेहरा पाडायचा नाही. "तिला वाटायला हवं की इथे थांबायचंच ठरलं होतं."

तू 'तिला' असं लिहिलंयस. तुझ्या वर्गातली कुणीही 'ती' असेल. तरी मी त्या शब्दावर बराच वेळ गाडीत बसून राहिलो.

आता सराव. तुझ्या आईला दमवता येत नाही, म्हणून दर बुधवारी दुपारी हॉल रिकामा असतो तेव्हा मी सोफी पाझिकला पकडतो. कोट सांभाळायच्या खिडकीत बसते तीच. नवरा गेल्यापासून तिची जीभ अजून लांबलीय.

"फ्लोरियन, तू मला धरलंयस की दरवाज्याला?"

"दरवाजा बरा. तो बोलत नाही."

"दरवाज्याला निदान कुठल्या बाजूला उघडायचं ते माहीत असतं."

खरं सांगायचं तर सोफीबरोबर कोपरासुद्धा लागत नाही, दुसऱ्याच पावलाला कोरा. मग तुझ्या सांगण्याप्रमाणे थांबतो, झुलतो. नवी ओळ येते, चौकोन घालतो. तो संपला की पुन्हा कोरा. सोफी म्हणते, "तुझ्याबरोबर नाचणं म्हणजे थांब्या-थांब्यावर थांबणारी बस. पोचते, पण तोवर माणूस म्हातारं होतं." तिला मी म्हटलं, ते तर आपण आधीच झालोय.

पण थांबलं तर चालतं, हे कुणी मला कधी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं थांबलो की संपलं.

तू आईबद्दल काही विचारलं नाहीस, म्हणून न विचारता सांगतो. डाव्या हाताने पिएरोगी करायला शिकते आहे. कडा नीट दाबल्या जात नाहीत, उकळत्या पाण्यात सगळं सारण बाहेर येतं. मग आम्ही ते सूप म्हणून खातो.

ताता


११ जानेवारी १९९५

ब्रोनिया,

इथे बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत आलाय. हे तुला लिहायचं नाही असं आईने बजावलंय, म्हणून आधी लिहायला बसलो.

बुधवारी सराव झाल्यावर सोफी खुर्चीत बसली, बूट काढले आणि म्हणाली, "एक सांगते, रागावू नकोस. तुला विसर पडलेला नाही."

"मग हे काय आहे?"

"तुला कधी येतच नव्हतं."

मी हसलो. ती हसली नाही.

"मी त्या कोटांच्या खिडकीतून तुम्हा दोघांना इतकी वर्षं बघतेय. कोपरा आला की लॉटीचं उजवं मनगट जरा, एवढंसं दबायचं. तुझ्या डाव्या तळव्यात. की तू लगेच फिरायचास आणि असा छाती काढून बघायचास, की वा, काय फिरवली! आम्ही बायका हसायचो रे. तुला नाही, नाही... बरं, तुलाच."

मी घरी आलो. लॉटी टेबलाशी होती, पीठ लाटत. मी कोटही काढला नाही.

"लॉटी, कोण न्यायचं?"

तिने वर बघितलं नाही. "काय कोण न्यायचं?"

"वॉल्ट्झ."

"ती सोफी," तुझी आई म्हणाली, "कोट सांभाळायला ठेवलीय की लोकांची लग्नं?"

"म्हणजे खरं आहे."

"आपल्या हॉलमध्ये पुरुष नेतात, फ्लोरियन." हे शब्द, ब्रोनिया, तिने तुला ज्या चालीवर सुनावले होते त्याच चालीवर म्हणाली. मग लाटणं ठेवलं. "मी तुला कधी चारचौघांत उघडं पाडलं? कधी कुणाला दिसू दिलं?"

"सोफीला दिसलं."

"सोफीला सगळं दिसतं, ते सोड." मग टेबलावर सांडलेलं पीठ बोटांनी गोळा करत राहिली. तिला हल्ली शब्द शोधायला वेळ लागतो, मला वाटलं शब्द शोधतेय. शब्द तयारच होते. "मी आयुष्यभर लपवून केलं. आणि पोरीने त्या हेझलला हाताला धरून भर हॉलमध्ये उघड उघड नेलं, दिव्याखाली, हसत हसत. माझ्यापेक्षा चांगलं नेलं. ते मला पहिल्याच कोपऱ्यावर दिसलं."

"मग तिला हाकललंस कशाला?"

"दिसलं म्हणून."

एवढं बोलून ती पुन्हा पीठ लाटायला लागली. डाव्या हाताने. मी कोट काढला, पातेल्यात पाणी ठेवलं.

तर अशी गोष्ट आहे. जिच्या मनगटात माझी सगळी पावलं होती ते मनगट आता मेलंय, आणि डोकं कोरं झालं म्हणून मी डॉक्टरकडे गेलो! तिथे कधी काही लिहिलेलंच नव्हतं.

ताता


८ फेब्रुवारी

ब्रोनिया,

उत्तर नाही आलं. ठीक आहे. मागच्या पत्रात मी जरा जास्तच सांगितलं असेल.

आता एक मागणं. मी नेऊ शकत नाही, ती आता दाखवू शकत नाही. आम्हा दोघांची मिळून एक फेरीसुद्धा पुरी होत नाही. मागच्या शनिवारी घरातल्या बैठकीत खुर्च्या सरकवून बघितलं. तिचा उजवा पाय घसटतो, त्याची वाट बघायची तर पुढचं विसरतो, पुढचं आठवायचं तर पाय राहतो. सोफ्याच्या कोपऱ्याशी अडकलो. लॉटी म्हणाली, "पार्क केलंस का मला?"

तू तिला नेऊ शकतेस. लहानपणी स्वयंपाकघरात तूच न्यायचीस की तिला, रेडिओ लावून. तेव्हा तिला चालायचं, कारण बघायला फक्त मी होतो.

मी तिला उघड विचारलं. म्हटलं, ब्रोनियाला बोलावू का, ऑस्तात्कीला? पहिली फेरी तुम्ही दोघी घ्या. बेन्नी कुलिकशी मी बोललोय, बँड त्याचा आहे. तो म्हणतो, नियमात 'जोडपं' म्हटलंय, पण मी अ‍ॅकॉर्डियन वाजवतो, नियम नाही.

तुझी आई काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो, एक अक्षर वाढवत नाही. आधी म्हणाली, "ती येणार नाही." मी म्हटलं, आली तर? म्हणाली, "हेझलला घेऊन येईल." मी म्हटलं, आणली तर? तिने खिडकीच्या काचेवरची वाफ डाव्या हाताने पुसली. मग म्हणाली, "तिला म्हणावं, चपटे बूट घाल. माझा पाय तुडवेल."

इतकंच. बाळा, तुझ्या आईकडून याहून जास्त मिळणार नाही, मला सत्तेचाळीस वर्षांत मिळालेलं नाही. शब्द हे नाहीत जे तुला ऐकायचे आहेत, ते मला कळतं. पण ते शब्द तिच्याजवळ नाहीतच. बुटांचेच आहेत.

मंगळवार, अठ्ठावीस तारीख, संध्याकाळी सहाला. विमानतळावर मी येईन, कितीही बर्फ असो.

ताता


१ मार्च

ब्रोनिया,

आजपासून उपास लागले, सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावून आलो. काल तू आली नाहीस.

लॉटीने निळा पोशाख घातला होता. सोफीने येऊन तिचे केस बांधून दिले. टेबलांवर तळलेली गोड पोंचकी, त्यांची साखर सगळ्यांच्या कोटांवर, पोरं धावताहेत, सगळं तुझ्या आठवणीतल्यासारखंच. लॉटीने अशी खुर्ची मागितली की दार समोर दिसेल. मी विचारलं, वाऱ्याची झुळूक नाही ना लागत? म्हणाली, "वाराच हवाय."

सहा वाजून गेले. बेन्नीने मान हलवून मला विचारलं. मी दाराकडे बघितलं. त्याने वॉल्ट्झ धरायच्या ऐवजी नुसता सूर जुळवत वेळ काढला, देव त्याचं भलं करो. शेवटी तुझ्या आईनेच काठी सोफीच्या हातात दिली आणि म्हणाली, "चल."

रिंगण रिकामं केलं की ते किती मोठं असतं, हे त्यात एकटं उतरल्याशिवाय कळत नाही. सगळे कडेला उभे. मी तिचा उजवा हात माझ्या डाव्या तळव्यात ठेवला. ओल्या हातमोज्यासारखा. वॉल्ट्झ लागला, आम्ही निघालो, आणि चाललो गं, खरंच चाललो. खिडक्यांची पूर्ण बाजू. सोफी तोंडावर हात धरून उभी होती. मग पहिला कोपरा.

कोरं.

मी सगळं तुझ्या कागदाप्रमाणे केलं. पाऊल टाकलं नाही. आम्ही मधे सरकलो. झुललो. चेहरा पाडला नाही. नवी ओळ लागली, मी चौकोनाचं पाऊल पुढे टाकलं, आणि तिचा पाय उठला नाही. मी परत झुलायला लागलो. पुढची ओळ आली. मी तळव्याकडे लक्ष दिलं. मूर्खासारखा वाट बघत राहिलो की आता दाबेल, आता दाबेल.

"फ्लोरियन," ती माझ्या कॉलरमध्ये म्हणाली, "मी सांगतेय रे. तुला लागत नाहीये का?"

ती दाबत होती, ब्रोनिया. तिच्या मते ती सगळा वेळ दाबत होती.

मी म्हटलं, "लागतंय. जरा थांबायचंच ठरलंय."

बेन्नीने वॉल्ट्झ संपू दिला नाही, पुन्हा पहिल्यापासून धरला. मग आणखी एकदा. आणि फेरी पुरी झाली नव्हती, म्हणून एकही जण आत उतरला नाही. सगळा हॉल, सगळी जोडपी, हातात हात धरून भिंतीशी उभी, आणि आम्ही मधे झुलतोय. लॉटीचं तोंड दाराकडे होतं. मी वळवलं नाही.

मग गाणं थांबलं. टाळ्या वाजल्या. फार मोठ्या वाजल्या, तशा वाजायला नको होत्या. बेन्नीने घाईघाईने पोल्का सुरू केला आणि लोक कडेकडेने, चोरट्यासारखे आत आले.

गाडीत ती म्हणाली, "रिंगण उघडलंच नाही आपण." मी म्हटलं, उघडलं की, नाचले ना सगळे. म्हणाली, "पुरुष खोटं बोलतात तेव्हा स्टिअरिंग घट्ट धरतात."

तुला हे बोचावं म्हणून लिहीत नाही. न लिहून ते जाणार कुठे?

ताता


२ एप्रिल

ब्रोनिया,

मी तुला चर्चमध्ये बघितलं.

सगळ्यांत मागच्या बाकापाशी, खांबाच्या आडोशाला. हेझल शेजारी होती, तिने टोपी हातात धरली होती. तार मिळाल्यावर तू येशील असं मला वाटलं नव्हतं. प्रार्थना संपली, मी शवपेटीच्या मागून चाललो होतो, बाजूला सोफी. तू वळलीस. तुझी पाठ मी हजार माणसांत ओळखेन. मान ताठ, आणि उजवा हात अंगापासून थोडा सुटा, कुणाच्या तरी पाठीवर ठेवायला निघाल्यासारखा. नेणाऱ्याची पाठ. तू दाराकडे चालायला लागलीस.

मला फक्त रांग सोडून मधल्या वाटेने चार-पाच पावलं टाकायची होती. हाक मारायची होती. आणि मी कोरा झालो. उजवा पाय की डावा, पेटीमागे जायचं की तुझ्यामागे, काही सुचेना. उभा राहिलो. मागचे लोक अडले. सोफी कुजबुजली, "फ्लोरियन, चल." दार उघडलं, बर्फाचा उजेड आत आला, आणि तू त्यात नव्हतीस.

जेवणाला तुम्हा दोघींच्या खुर्च्या ठेवल्या होत्या. नंतर सोफीनेच त्या उचलल्या.

दुसरा झटका पहाटे झोपेत आला. तिला काही कळलं नाही, असं डॉक्टर म्हणाला. माझा डावा हात तिच्या उजव्या हाताखाली होता. काही लागलं नाही.

हॉल उन्हाळ्यात विकला जाणार म्हणे. पुढच्या ऑस्तात्कीचं काही ठरलेलं नाही. बेन्नी म्हणतो, त्याच्या तळघरात जागा आहे, पण छत डोक्याला लागतं.

एक सांगायचं राहिलं, ते सांगून थांबतो. परवा मी बशी धुवत होतो, रेडिओवर वॉल्ट्झ लागला. हात पुसले आणि उगीच हात वर केले, धरल्यासारखे. निघालो. शेगडीपाशी कोपरा आला, मी गिरकी घेतली. फडताळापाशी मागे गेलो, बाजूला सरकलो, टेबलाला वळसा घातला, पुन्हा गिरकी. एकदाही कोरा झालो नाही, ब्रोनिया. सगळं येतं मला. तिने मनगटाने इतकी वर्षं जे जे सांगितलं ते सगळं आत होतं, क्रमाने, एकही पाऊल न गाळता. हातात कुणी असलं की तेवढं सापडत नाही.

फेरी पुरी झाली. मी सिंकपाशी होतो तिथेच परत आलो. आत उतरायला कुणी नव्हतं, म्हणून रेडिओ बंद केला आणि राहिलेल्या बशा धुतल्या.

तुझ्या अर्ध्या कागदाप्रमाणे मी आता मधे सरकून थांबलोय. वाट कुणाची अडवलेली नाही.

तुझा ताता